मल्लिगेच्या तोंडातली कडी

अण्णा,

तू गेलास त्याला आज एकवीस दिवस झाले. कालपर्यंत तुझी घोडी माझ्याकडे बघत नव्हती. मी तबेल्यात पाऊल टाकलं की ती मान भिंतीकडे फिरवायची. बसप्पा म्हणायचा, "अक्कोर, राग नाही तिचा, वाट बघायलीय ती." शाळेतल्या बाईंना इथे अक्कोर म्हणतात, आणि मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुझ्या या जुन्या सोबत्यासाठी मी अक्कोरच. त्याला काय सांगणार? पस्तीस वर्षं वर्गात पाठमोऱ्या माना बघितल्यात मी. राग कुठला आणि वाट बघणं कुठलं, एवढं मला कळतं. ती रागावली होती, आणि बरोबरच होतं तिचं. तिला देऊन टाकायचा निरोप मीच धाडला होता.

तुझ्याविषयी बोलायला मळमड्डीच्या आपल्या घरी खूप लोक येऊन गेले. जनावरांच्या दवाखान्यातली सरकारी नोकरी सोडून तू नवनगरच्या कडेला घोडे बांधलेस, तेव्हा हेच लोक "याला वेड लागलंय" म्हणत होते. आता चहा पीत पीत "अण्णांनी अख्ख्या धारवाडला घोड्यावर बसवलं" म्हणाले. मी ऐकून घेतलं. सुतकातल्या माणसाने भांडू नये म्हणतात, नाहीतर एकेकाला उभं करून विचारलं असतं. पण त्यातल्या एकानेही कडीचं नाव काढलं नाही. लगाम सगळ्यांना दिसतो. हातातला पट्टा दिसतो, डोक्यावरची पट्टी दिसते. घोड्याच्या तोंडात आडवा जातो तो लोखंडी दांडा, ज्याला आपण घरात कडी म्हणायचो, तो कुणाला दिसत नाही, आणि तुझं तर सगळं आयुष्य त्या कडीत गेलं. "कुसुम," तू म्हणायचास, "माणूस घोड्याच्या पाठीवर बसतो हे खोटं. माणूस बसतो घोड्याच्या जिभेवर."

पहिली कडी तू घरी आणलीस ती आठवते का? चिंच लावून घासलीस, पाण्यात उकळलीस, तेही आईच्या दुधाच्या पातेल्यात, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत तोंडात धरलीस. आई "अरे देवा" म्हणून पाटावर बसली. मी "शी!" म्हणून ओरडले. तू डोळे मिटून जीभ फिरवत होतास. मग कडी बाहेर काढून म्हणालास, "इथे एक धार राहिलीय." मी बोट फिरवलं, मला काही लागेना. "बोटाला नाही लागणार. जिभेला लागतं." आणि कानस घेऊन ती जागा घासत बसलास. ते पातेलं आईने पुन्हा वापरलं नाही, मोलकरणीला देऊन टाकलं.

तेव्हापासून तो नेमच झाला. नवी कडी आली की आधी तुझ्या तोंडात, मग घोड्याच्या. आणि शिकायला येईल त्याच्याही. वकिलाची मुलगी असो की फौजदार, धुतलेली कडी आधी स्वतःच्या दातांमागे धरायची, दोन्ही पट्टे तुझ्या हातात, आणि तू एकदाच, हळूच ओढायचास. मग फक्त एवढंच विचारायचास, "लागलं?" ज्याला लागलं त्याला दुसऱ्या दिवसापासून घोडा. ज्याने हसण्यावारी नेलं तो आठवडाभर शेण काढायचा. सुभाष रोडचे ते म्हातारे कापडवाले कवळी काढून खिशात ठेवून उभे राहिले होते, आठवतं? त्यांना तू ओढलंच नाहीस. "तुम्ही पास," म्हणालास.

एवढ्या धारवाडने कडी तोंडात धरली, मी सोडून. दर खंडेनवमीला घोड्यांना हार घालून झाले की तू विचारायचास, "कुसुम, या वर्षी तरी?" आणि मी म्हणायचे, "मला घोड्यावर बसायचंच नाही, मग लोखंड कशाला चाखू?" मनात होतं ते निराळंच. मला त्या लोखंडाचा राग होता, अण्णा. आज सांगते. आईअप्पा गेल्यावर आपण दोघंच राहिलो त्या घरात, दोघंही बिनलग्नाचे. तू घोड्यांचा झालास, मी शाळेची झाले. पण मी शाळेतून साडेपाचला घरी यायचे रे. तू यायचास तेव्हा तुझं ताट झाकून ठेवलेलं असायचं, आणि जेवताना तू सांगायचास ते कुठल्या घोड्याच्या ओठाच्या कोपऱ्याला काय झालंय ते. माझ्या ओठाच्या कोपऱ्याला काय झालंय, हे कधी विचारलंस? मी तरी हे कधी बोलले म्हणा. आतल्या आत धुमसत राहिले आणि तुझ्या पोळीवर तूप घालत राहिले.

मग चार वर्षांपूर्वी मल्लिगे आली. पांढरीशुभ्र, म्हणून तू मोगऱ्याचं कानडी नाव ठेवलंस. कुठल्याशा वरातवाल्याकडे नवरदेव वाहून वाहून बेजार झालेली. तिच्या तोंडातली कडी काढलीस तेव्हा मी तिथेच होते, डबा घेऊन आले होते. कडीला आतल्या अंगाने काटे होते आणि काट्यांवर काळं काहीतरी वाळलेलं. जिभेवर आडवा वण. तू ती कडी जमिनीवर ठेवलीस, हौदाकडे जाऊन तोंड धुतलंस, आणि परत आलास तेव्हा तुझे डोळे लाल होते. आयुष्यात ती एकच कडी तुला चाखून बघता आली नाही.

तीन महिने तू तिच्या तोंडात काही घातलं नाहीस. नुसत्या दोरीवर फिरवलीस. मग एकेक कडी सुरू झाली. सुतळीला गाठ मारून ती गाठ ओठाच्या एका कोपऱ्याला धरायची, सुतळी तोंडातून न्यायची, दुसऱ्या कोपऱ्याला शाईने खूण करायची. तेवढं माप, आणि वर दोन्हीकडे करंगळीच्या अर्ध्या नखाएवढी जागा, बस्स. त्याहून आखूड कडी ओठ चिमटते, त्याहून लांब कडी तोंडात इकडून तिकडे सरकते. पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये देवाने रिकामी हिरडी ठेवलीय, कडी तिथेच बसली पाहिजे. ओठाच्या कोपऱ्याला एक सुरकुती पडली की उंची बरोबर. दोन पडल्या म्हणजे घोडा उगाच हसतोय. हे सगळं तू मला पोळी चावता चावता सांगितलंस, आणि मी ऐकत नाही असं दाखवत ऐकलं.

तरी मल्लिगे मान झटकायचीच. सरळ दांड्याची कडी झाली, एका सांध्याची झाली, जाड झाली, बारीक झाली. बसप्पा म्हणाला, हट्टी आहे. मीही म्हटलं, हट्टीच आहे, मालकावर गेलीय. तू म्हणालास, "हट्टी जनावर मी अजून बघायचंय." आणि एक दिवस दुपारी तिच्या हिरडीवरून अंगठा फिरवता फिरवता थांबलास. वरच्या दाढेच्या पुढे जोंधळ्याच्या दाण्याएवढा एक जादा दात होता, अर्धा हिरडीतच. कडी दर वेळी त्याच्यावर आपटायची. डॉक्टर येऊन तो काढून गेले. तू तो दात कागदात गुंडाळून घरी आणलास आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलास. "बघ, हा हट्ट," म्हणालास. जेवणाच्या ताटाशेजारी, अण्णा! मी केवढी ओरडले होते. पण तुझा तो चेहरा, दहावीचा निकाल लागलेल्या पोरासारखा. असं वाटलं की आपण गप्प बसायला हवं होतं.

दात गेला तरी जिभेवरचा वण होताच. एका सांध्याची कडी मध्ये दुमडून टाळ्याला टोचते, तिला दोन सांध्यांची पाहिजे, मध्ये तांब्याचा तुकडा असलेली, तांबं चव देतं, असं तू चार-पाच वेळा बोललास. हुबळीत मिळाली नाही. म्हणून तुझ्या सत्तराव्या वाढदिवसाला मी मनाचा हिय्या केला. तू बाहेर गेलास बघून तबेल्यात गेले, पिशवीतून शिवणकामाची टेप काढली आणि घोडीचं तोंड मोजलं. बाहेरून, नाकाच्या वरून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तोंडात सुतळी घालायची हिंमत कुठून आणू? आणि ब्लाउज बेतायची सवय, दोन्हीकडे शिवणीची माया धरली. फोनवरून मागवली. दहा दिवसांनी पुडकं आलं.

तू खोका उघडलास. कडी हातात घेतलीस, वजन बघितलंस, मग तोंडात धरलीस. मी श्वास रोखून उभी. "जीभ खूश झाली," म्हणालास. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या कामातलं काहीतरी केलं होतं, आणि ते बरोबर आलं होतं. आठ दिवसांनी मल्लिगे ती कडी घालून शांत चालताना मी लांबून बघितली. घरी येऊन शिरा केला. निमित्त काय म्हणून तू विचारलंस, मी सांगितलं नाही.

आणि त्याच महिन्यात माझी शाळेची पर्स गेली. तपकिरी चामड्याची, एक बंद तुटलेला, आत लाल शाई सांडून डाग पडलेला. माळ्यावर होती. तिचा उपयोग काही नव्हता, मला ठाऊक आहे. पण पहिल्या नोकरीपासून ती माझ्या खांद्याला होती रे. मी विचारलं, "अण्णा, माझी पर्स बघितलीस?" तू वर न बघता म्हणालास, "टाकली असेन मी." असेन! मी काय काय बोलले ते आठवून आज मलाच लाज वाटते. तुला आपल्या घोड्यांची जुनी नालसुद्धा टाकवत नाही, आणि माझी एक वस्तू तुला जड झाली, असं म्हटलं. चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू एक शब्द उलट बोलला नाहीस. तेव्हा वाटलं, चूक कळलीय म्हणून गप्प आहे.

तुझा दम वाढायला लागला तेव्हा आपलं ते शेवटचं भांडण झालं. ओसरीवर बसून तू म्हणालास, "कुसुम, माझ्यामागे मल्लिगेला कुणालाही दे. तुला जमायचं नाही, मला कळतं. पण देण्याआधी एकदा, तुझ्या हाताने तिच्या तोंडात कडी घाल. म्हणजे काय देतेयस ते तुला कळेल." मी चिडले. माझ्यामागे वगैरे भाषा ऐकून घाबरले होते, म्हणून चिडले. म्हटलं, "आयुष्यभर जनावरांच्या तोंडात बघत बसलास. घरातल्या माणसाच्या तोंडाकडे कधी बघितलंस?" तू माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालास, "बघितलं की." एवढंच. खोकला आला आणि बोलणं तिथेच राहिलं.

दोन दिवसांनी तुला दवाखान्यात नेलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तो सारखा सरकायचा, म्हणून मी त्याचा पट्टा मागून ओढून घट्ट केला. तू हात नेऊन तो उचलायला बघायचास आणि मी तुझा हात खाली धरायचे. "गप पड. काढायचं नाही," म्हणायचे, वर्गात म्हणायचे तशी. शेवटच्या दिवशी दुपारी तू दोन बोटं वर केलीस. मी विचारलं, "दोन काय? दोन वाजले का? पाणी? दोन उशा?" तू मान हलवलीस आणि पुन्हा दोन बोटं. बसप्पा त्या वेळी मल्लिगेजवळ होता, नाहीतर त्याला विचारलं असतं. नर्सबाई म्हणाल्या, औषधाच्या गुंगीत असं करतात. मग तू हात खाली ठेवलास आणि माझ्याकडे बघत राहिलास. संध्याकाळी संपलं. ते दोन काय होतं, अण्णा, हे विचारत मी वीस दिवस या घरात फिरत होते. दोन म्हणजे आपण दोघं, असंही एकदा मनात आलं. तसं तू कधी बोलला नसतास.

आता कालचं सांगते. निरोपाप्रमाणे हुबळीचा एक वरातवाला, तिचा जुना मालक नव्हे, घोडी न्यायला येणार होता. सकाळच्या बसने मी नवनगरला गेले. म्हटलं, तिचं सामान तरी तिच्याबरोबर द्यावं. खिळ्यावरून लगाम काढला. इतकी वर्षं लांबून बघितलेली माझी कडी पहिल्यांदा हातात आली. दोन्ही टोकांना, जिथे ती ओठाला लागते तिथे, चामड्याच्या जाड चकत्या ओवलेल्या होत्या, तीन-तीन थर शिवून. तपकिरी. डाव्या चकतीवर लाल शाईचा डाग.

मी बसप्पाला हाक मारली. तो आला, बघितलं, आणि मान खाली घातली. "अक्कोर, सांगू नको म्हणाले होते."

"आता कोण रागावणार आहे? सांग."

"कडी लांब होती की. बोटभर लांब. घोडीच्या तोंडात सरकायची. मी म्हटलं, अण्णा, परत पाठवा, दुसरी मागवा. तर म्हणाले, खोका देताना कुसुमचं तोंड बघितलास का तू? त्या तोंडाला कडी लांब झाली म्हणून मी कसं सांगू? मग चामडं शोधायलेत, शोधायलेत, एकही मऊ मिळेना. शेवटी घरातनं ती पर्स आणले. इथं बसून दोन दिवस शिवले. बोटाला सुई टोचून घेतले. मी म्हटलं, अक्कोर विचारतील. तर म्हणाले, विचारू दे, शिव्या मी खातो."

मी तिथल्या बादलीवर बसले. "बघितलं की" म्हणालास ते हेच. आणि मी तुझ्याशी चार दिवस बोलले नव्हते. रडताना हसूही येत होतं, कारण एवढ्या नेटक्या चकत्या, आणि शर्टाचं साधं बटण लावायला तुला मी लागायचे. बसप्पा हौदाकडे जाऊन उगाच पाणी हलवत बसला.

वरातवाला अकराच्या सुमारास आला. माणूस वाईट नव्हता, अण्णा. घोडीच्या पायांवरून हात फिरवला तो मायेने फिरवला. पण पिशवीतून आपली कडी काढली. काट्यांची. मल्लिगेने ती बघितली की वास आला कोण जाणे, ती मागे सरकत सरकत भिंतीला टेकली.

मी म्हटलं, "तिची कडी आहे इथे. हीच घालायची."

"टीचर, ती मऊ कडी इथं फिरवायला ठीक," तो समजुतीने म्हणाला. "माझ्याकडं बँड असतो, फटाके असतात. वर नवरदेव, पुढं बायकापोरं नाचायलेली. घोडी उधळली तर कुणाचा जीव जाईल. काट्यांशिवाय कसं चालंल?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तू असतास तर मुद्देसूद बोलला असतास, मान कशी, जीभ कशी, भीतीने घोडा थांबतो की उधळतो. मला त्यातलं काही येत नाही. मला तुझी एकच गोष्ट ठाऊक होती. मी म्हटलं, "तुमची कडी आधी तुमच्या तोंडात धरा."

तो हसला. "यान मजा माडतीरी, टीचर?" थट्टा करताय का म्हणून. मग त्याने बसप्पाकडे बघितलं. बसप्पा हसत नव्हता.

"आमच्या अण्णांचा नेम आहे," मी म्हटलं. "थांबा, आधी मी धरते."

मी मल्लिगेची कडी हौदावर धुतली. पदराने पुसली. आणि तोंडात धरली. होय, मीच. चाळीस वर्षं शी म्हणणारी तुझी बहीण, साठी उलटलेली, चष्मा लावून, तबेल्याच्या दारात, परक्या माणसासमोर. आधी गार लागलं. मग तांब्याची चव आली, आणि चकत्यांचा वास, माझ्याच पर्सचा, खडूचा आणि शाईचा. जीभ फिरवली. कुठेही धार नव्हती. एका जागीही नाही. मी बसप्पाला हाताने खूण केली, ओढ. तो बिचारा घाबरला. त्याने नुसती बोटं मिटली असतील पट्ट्यावर, आणि ती ओढ माझ्या थेट मानेपर्यंत गेली. एवढ्या मऊ कडीची एवढी ओढ. मग काट्यांची केवढी असेल, ते मला कुणी सांगायला नको होतं.

कडी काढली आणि वरातवाल्याला म्हटलं, "आता तुमची. ओढणार नाही मी. नुसती धरा."

तो आपल्या हातातल्या काट्यांकडे बघत राहिला. अंगठा त्यांच्यावरून फिरवला. मग त्याने कडी फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. "ठेवा घोडी, टीचर," म्हणाला. "आमच्या कामाची नाही ती." जाताना मल्लिगेच्या कपाळाला हात लावून गेला. त्याच्याकडे आणखी किती घोड्यांच्या तोंडात ते काटे आहेत, हे मी विचारलं नाही. तू विचारलं असतंस.

तर घोडी राहिली. मी आणि बसप्पा किती दिवस रेटणार, माहीत नाही. पण तू सांगितलेलं एक काम राहिलं होतं. मी बसप्पाला म्हटलं, "मला शिकव. आत्ता."

कडी थोडा वेळ मुठीत धरून गरम केली. तिच्यावर गूळ चोळला. मल्लिगेच्या डाव्या बाजूला उभी राहिले, तुला लांबून बघितलं होतं तशी. "मल्लिगे, तोंड उघड बाळ," म्हटलं. छे. दात घट्ट. तुझी गंमत आठवली, घोड्यांशी कानडी, माझ्याशी मराठी, आणि रागावलास की दोन्हींची उलटापालट. मग मी तुझ्यासारखं म्हटलं, "बाय तगी, नम्मव्वा." तोंड उघड ग माझे आई. अंगठा तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून रिकाम्या हिरडीवर ठेवला. गरम, ओली, मऊ हिरडी. आणि तिने तोंड उघडलं, अण्णा. कडी आत गेली. दाताला लागली नाही. चकत्या ओठाला येऊन टेकल्या, इकडे बरोबर, तिकडे बरोबर. मी चष्मा वर करून ओठाचा कोपरा बघितला. एक सुरकुती. एकच.

मग नाकावरचा पट्टा बांधला. मी तो ओढून बक्कल लावलं, चांगलं घट्ट, सरकू नये म्हणून. मल्लिगेने मान वर झटकली.

"दोन बोटं, अक्कोर," बसप्पा म्हणाला.

"काय?"

"पट्ट्याखाली दोन बोटं जायला पाहिजेत. तुम्ही घट्ट केलात. अण्णा लांबनं बघून काही बोलायचे नाहीत, नुसती दोन बोटं वर करायचे. म्हणजे मी सैल करायचो." आणि त्याने हात वर करून दाखवला. तोच हात. तीच दोन बोटं, जरा वाकलेली.

माझ्या डोळ्यांपुढे तुझा गाल आला. मास्क काढला तेव्हा पट्ट्याचा लाल वळ होता त्याच्यावर, कानापर्यंत गेलेला. मी तो तेलाचं बोट लावून चोळला होता, जाईना. मी तुझा हात खाली धरला होता. मी तुला गप पड म्हटलं होतं. तू मागून मागून काय मागितलंस, तर दोन बोटांची जागा, आणि आयुष्यभर तुझं बोलणं ऐकत नाही असं दाखवत ऐकलेल्या मला तेवढं एक ऐकू आलं नाही. कुणी म्हणेल, कुसुमताई, तुम्ही उगाच जुळवताय. म्हणू देत. तुझ्या नजरेत ते होतं, आणि मला वाचता आलं नाही.

बक्कल मी एक भोक मागे घेतलं. मग पट्ट्याखाली दोन बोटं घातली. सहज गेली. मल्लिगेने मान खाली केली आणि कडी चघळायला लागली, तिच्या ओठाला पांढरा फेस आला, आणि तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. बसप्पा म्हणाला, "झालं, अक्कोर, काढा हात." मी काढला नाही. तशीच उभी राहिले, दोन बोटं पट्ट्यात, तिचा गरम श्वास मनगटावर.

सैल केला रे, अण्णा. आता लागत नाही ना?